चावीवरचा हात

राठोड सिस्टरची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिचा एक गुडघा माझ्या पलंगावर होता, एका हातात माझं पिरगाळलेलं मनगट होतं आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्या तोंडावर. मला एस.टी.च्या ड्यूटीवरूनच उचलून आणलं होतं, अंगावर खाकी तशीच होती. दमा वर आला की तोंडावरचा मास्क माणसाला वैऱ्यासारखा वाटतो. हा आपल्याला गुदमरवायलाच आलाय असं वाटून तो आधी मास्कच ओरबाडतो. मीही दोनदा ओरबाडून फेकला. मग तिनं माझा हात गादीत रुतवला, मास्क नाकातोंडावर दाबून धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "कंडक्टर, मारीन. पन मरू देनार नाही. घे श्वास."

मी घेतला. दुसरा इलाजच नव्हता. सकाळी माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे निळे वळ होते आणि मी पलंगावर बसून चहा पीत होतो. तोही बिनसाखरेचा, कारण त्याच मुक्कामात मला साखर निघाली.

त्यानंतर मी त्या वॉर्डाचा पासधारक प्रवासीच झालो. थंडी पडली, जिनिंगची रुई हवेत उडायला लागली की माझी छाती वाजू लागायची आणि मी पिशवी घेऊन हजर. दवाखान्याचं नाव सांगत नाही, मला पुन्हा तिथंच जायचं आहे. पुरुषांचा वॉर्ड. अर्धे छातीचे, अर्धे साखरेचे, आणि माझ्यासारखे काही दोन्हीकडून मारलेले. बिडीनं, रुईनं, फवारणीच्या औषधानं छातीचा भाता फाटलेले म्हातारे आणि पायाच्या जखमेत माशी बसली तरी न कळणारे साखरेवाले. त्या सगळ्यांवर राठोड सिस्टरचं राज्य होतं आणि ते प्रेमानं चाललेलं नव्हतं.

बाई धिप्पाड. तांड्यावरची, बंजाऱ्यांची. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण, पांढऱ्या कोटाच्या बाह्या नेहमी वर सारलेल्या. खिशात कायम कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा. चालली की पलंगाशेजारच्या पत्र्याच्या पेट्या वाजत, आणि तो आवाज आला की वॉर्डातले हात आपोआप उशीखाली जात. कारण सकाळी आल्याबरोबर तिचा पहिला कार्यक्रम झडती. बिडीचं बंडल सापडलं की ते त्याच माणसाच्या हातानं पाण्यात कुस्करायला लावायची. तंबाखू-सुपारीचा खर्रा सापडला तर नुसता फेकायची नाही, तोंडातला पण हातावर थुंकायला लावायची आणि तो हात सगळ्या वॉर्डाला दाखवायची. एका साखरेवाल्याच्या लेकीनं मायेनं डब्यात शिरा आणला होता, भरपूर तुपातला. सिस्टरनं डबा उघडला, वास घेतला आणि खिडकीतून डब्यासकट बाहेर भिरकावला. लेक रडायला लागली तर तिला म्हणाली, बापाचा पाय कापायचा असेल तर करवत आण, शिरा कशाला आणतेस.

साखरेवाल्यांचे पाय ती रोज बघायची. बोटांच्या फटी फाकवून, टाच उलटी करून, घोड्याची नाल बघतात तशी. कोणी अनवाणी मोरीपर्यंत गेलेला दिसला की त्याची चप्पल उचलून त्यालाच फेकून मारायची. नेम चुकत नसे. लागलेली चप्पल घालूनच त्याला पुढचा रस्ता चालावा लागे.

आणि दम्याचा पंप शिकवणं तर बघण्यासारखं. म्हातारे पंप तोंडात धरत आणि आत ओढायच्या ऐवजी फुंकर मारत. ती पाठीत धपाटा घालायची. "बिडी ओढाले कोनं शिकवलं होतं रे तुले? शाळेत गेलता? तसंच ओढ." आणि खरंच, बिडी म्हटलं की म्हातारा बरोबर ओढायचा. मीही तसाच शिकलो. बिडी मी कधी प्यालो नाही, पण धपाटा खाल्ला.

हे सगळं मला आवडत होतं असं समजू नका. तिचा हात फार लवकर सुटत असे. एकदा एका रिटायर्ड मास्तरांना तिनं थोबाडीत दिली, इन्सुलिनची सुई दोन दिवस न टोचता टोचली म्हणून खोटं सांगितलं एवढ्यासाठी. मास्तर रडले. मी तिला तोंडावर सांगितलं की सिस्टर, माणूस आजारी आहे, गुरं नाही. वरिष्ठांकडून तिला जाब विचारणारा कागद आला, तिनं तो घडी करून खिशात गुळाजवळ ठेवला. मला म्हणाली, त्यायले लागलं म्हणून रडले ना, मग जित्ते हायेत. मी तोंड भिंतीकडे करून झोपलो.

तिच्या नवऱ्याची गोष्ट वॉर्डातल्या मावशीनं, म्हणजे आमच्या झाडूवाल्या बाईनं सांगितली होती. नवरा पिऊन येई. एकदा त्यानं हात उगारला, हिनं तो हात हवेतच धरून उलटा केला, तो मनगटात मोडला. मग हिनंच त्याला आपल्या ओढणीच्या झोळीत हात अडकवून हाड बसवायला नेलं, आणि हात बरा होईपर्यंत रोज घास भरवला. बरा झाल्यावर मात्र घरातून काढून दिला. मोडताना तिला वाईट वाटलं नाही, भरवताना तिला लाज वाटली नाही. ही दोन कामं तिच्या डोक्यात कधी एकमेकांत मिसळत नसत. आपण साधी माणसं, आपलं सगळं मिसळतं.

बाजाराच्या दिवसाचा तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. कॅज्युअल्टी आमच्या वॉर्डाच्या तोंडाशीच होती आणि मी दारात पाय मोकळे करत उभा होतो. घाटंजीच्या बाजारातून एका माणसाला टेम्पोत घालून आणलं, बकऱ्यांच्याच दोरानं हात मागे बांधलेले. डोकं फुटलेलं, एक डोळा सुजून बंद. बकऱ्या विकायला आला आणि एकाएकी काठी फिरवायला लागला, बांगडीवालीचं दुकान उधळलं, एका म्हाताऱ्याच्या पाठीत काठी घातली. दारू चढली म्हणून बाजारानं त्याला धरून तुडवला. तुडवणारेच त्याला घेऊन आले होते आणि आपण काय काम केलं ते सगळ्यांना सांगत होते.

आमच्या डॉक्टर मॅडम नवीन होत्या, पण हुशार. त्यांनी त्याचा घामानं निथळणारा गळा बघितला, खिशात इन्सुलिनची सुई सापडली. सुई टोचून घेतली आणि बकऱ्या आधी विकू, मग जेवू, म्हणून उपाशी निघाला असणार. बोटातलं रक्त बघितलं तर साखर पार तळाला गेलेली. साखर अशी उतरली की शांत माणूसही पिसाळतो. शिरेतून साखर द्यायची तर हात सोडायला हवे होते, आणि ते सोडायला कोणी पुढे येईना. राठोड सिस्टर आली, ड्रेसिंगच्या कात्रीनं दोर कापला आणि तो माणूस तिच्यावर तुटून पडला.

दोघं फरशीवर गेली. त्यानं डोकं आपटलं ते तिच्या तोंडावर, पुढचा दात तुटून माझ्या पायाशी आला. तिनं रक्त गिळलं असावं, कारण थुंकायला तिला सवडच नव्हती. त्याच्या पायांवर बसली, एक हात आपल्या दोन गुडघ्यांत चिमट्यासारखा धरला आणि म्हणाली, "मॅडम, टोचा. मी सोडत नाही." तो तिच्या पाठीत, कानावर, मानेवर मोकळ्या हातानं ठोसे घालत राहिला. मॅडमनी सुई घातली. साखर आत जाऊ लागली तसे ठोसे हलके झाले, मग हात नुसताच तिच्या खांद्यावर पडून राहिला. त्यानं उघड्या डोळ्यानं छताकडे पाहिलं आणि विचारलं, "माह्या बकऱ्या कुठी हाय?"

सिस्टरनं खिशातला गूळ काढून त्याच्या तोंडात घातला. त्यावर तिचंच रक्त लागलेलं होतं. मग ती उठून तशीच बाहेर गेली. बाजारवाले चहा पीत उभे होते. कोणी बांधलं होतं, म्हणून तिनं विचारलं. एक तरणा पोरगा छाती काढून पुढे आला. तिनं त्याला अशी ठेवून दिली की कप एकीकडे आणि तो एकीकडे. नंतर त्या सगळ्यांना परत पाठवून बकऱ्या आणायला लावल्या. संध्याकाळपर्यंत बकऱ्या दवाखान्याच्या लिंबाखाली बांधलेल्या होत्या. तिनं तो दात पुन्हा कधी बसवला नाही.

आता हरसिंग नाईकाकडे येतो, कारण ह्या सगळ्याचा शेवट तिथं आहे.

हरसिंग नाईक सिस्टरच्याच माहेरच्या तांड्याचा नाईक, म्हणजे मुखिया. मिशा पांढऱ्या, आवाज एके काळी नाल्यापलीकडे जाणारा, आता चार शब्द बोलला की पाचव्याला थांबणारा. सिस्टरचा बाप ती लहान असतानाच गेला. तिला नर्सिंग शिकायला पाठवायचं म्हणून तांड्यावर बोंब झाली होती, तेव्हा जाऊ द्या पोरीले, हा शब्द ह्याच नाईकानं टाकला होता. तिची म्हातारी आई अजून त्याच तांड्यावर सिस्टरच्या भावाकडे राहते. नाईक वॉर्डात आला तेव्हा सिस्टरनं त्याच्या पायाला हात लावला, आणि लगेच त्याच्या बंडीतलं बिडीचं बंडल काढून घेतलं. आपसात ती दोघं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलत. मला त्यातलं निम्मं समजे, इथं आपल्या भाषेत सांगतो.

त्याचा पलंग माझ्या शेजारी. बरोबर बायको आणि दोन लेक, मोठा उत्तम आणि धाकटा संजय. पोरं वाईट नव्हती. पण त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. कोरोनात त्यांचा सख्खा काका गेला. बोटाला लावून प्राणवायू मोजायचं ते चिमट्याचं यंत्र काकाच्या बोटावर ऐंशी दाखवत होतं आणि सिलिंडर मिळत नव्हता. दोघं भाऊ मोटारसायकलवर जिल्हाभर हिंडले. आले तेव्हा काका संपला होता. ते यंत्र उत्तमनं अजून खिशात ठेवलेलं होतं. पंच्याण्णवच्या खाली गेलं की माणूस गेला, एवढं त्यांना त्या दिवसांनी शिकवलं होतं. गावोगावी सगळे हेच शिकले.

इथं मात्र उलटं होतं. डॉक्टर मॅडमनी त्यांना समजावलं की बिडीनं कामातून गेलेल्या अशा छातीला कमी हवेची सवय झालेली असते. प्राणवायू जास्त दिला तर आतली घाण हवा आतच साठते, माणूस गुंगीत जातो आणि गुंगीतच त्याचा श्वास थांबतो. म्हणून प्राणवायूची चावी दोनवरच, आणि यंत्रावर नव्वद म्हणजे ह्यांच्यासाठी भरपूर. पोरांनी माना हलवल्या. पण उत्तम दिवसभर बापाच्या बोटाला यंत्र लावायचा, नव्वद बघायचा, मग माझ्याकडे यायचा. माझ्या बोटावर अठ्ठ्याण्णव. माझा आजार वेगळा, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "कंडक्टर, तुह्ये अठ्ठ्याण्णव हाय. तू नोको बोलू."

भिंतीवरच्या नळीत एक लहानशी गोळी असते, चावी फिरवली की ती वर चढते. फवारणीचा पंप वापरणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? जोर वाढवला की काम जास्त. सिस्टरनं दोनदा त्यांचा हात चावीवरून झटकला. तिसऱ्या वेळी चावीभोवती चिकटपट्टीचे वेढे दिले आणि दोघांना म्हणाली, "हे ज्यानं काढलं, त्याची बोटं मी तोडीन." ते ऐकून नाईक हसला आणि खोकत बसला.

दुपारी भेटायची वेळ होती. सिस्टर पलीकडे एकाच्या पायाची जखम धूत होती. उत्तमनं चिकटपट्टी दातानं फाडली आणि चावी फिरवत नेली. गोळी पार वर गेली. मी नको म्हटलं, संजयनं माझ्यावर हात उगारला. ओरडण्याइतका दम माझ्यात नव्हता, मी मावशीला खुणेनं बोलावून सिस्टरकडे पिटाळलं. तेवढ्यात इकडे नाईक शांत झाला. धाप थांबली, चेहऱ्यावर गुलाबी रंग चढला, मान एका बाजूला कलली. बोटावर नव्याण्णव. बायकोनं पदर पसरून देवाला हात जोडले. संजय मला म्हणाला, पाहिलंस, कधीचा झोपला नव्हता, आता कसा झोपला. त्यांना एवढं आनंदात मी तेव्हाच पाहिलं.

सिस्टर आली. तिनं गोळीकडे बघितलं, नाईकाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या तोंडून काहीतरी निघालं, ते मला समजलं नाही. तिनं उजव्या हातानं चावी मागे फिरवून दोनवर आणली आणि डाव्या हातानं नाईकाच्या गालावर सणसणीत ठेवून दिली. "काका, ऊठ. ऊठ म्हनतो ना." पुन्हा एक. छातीच्या हाडावर मूठ घासली. पुन्हा गालावर. नाईकाची मान नुसती इकडून तिकडे जात होती.

पोरांनी काय पाहिलं? बापाची हवा बंद केली आणि निजलेल्या बापाला मारते आहे. उत्तमनं तिचा अंबाडा धरून मागे ओढलं. ती चावी सोडेना, तिला ठाऊक होतं की हात निघाला की हे पुन्हा फिरवणार. तिनं तिथूनच मॅडमना हाक मारली आणि मोकळ्या हातानं नाईकाला मारणं चालूच ठेवलं. संजयनं स्टूल तिच्या पाठीत घातलं. ती गुडघ्यावर आली पण हात वरच राहिला. मग उत्तमनं सलाइनचा लोखंडी दांडा उचलला आणि चावीवरच्या त्या हातावर हाणला. एकदा, पुन्हा, आणि पुन्हा. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. भिंतीवर रक्त उडालं, माझ्या चादरीवर उडालं. नाईकाची बायको दोन्ही हातांनी तोंड झाकून किंचाळत होती. माझ्यानं पलंगावरून उतरणंसुद्धा झालं नाही. मी पाण्याची बाटली फेकली, ती उत्तमला लागलीसुद्धा नाही.

वॉचमन आणि इतर नातेवाईक धावले, त्यांनी पोरांना फरफटत बाहेर नेलं. मॅडम दाबाच्या हवेचं यंत्र घेऊन आल्या, त्यांनी त्याचा मास्क नाईकाच्या तोंडावर बांधला. सिस्टर अजून चावीशीच होती. मॅडमनी तिची बोटं एकेक करून सोडवली. तिनं विचारलं, "दोनवर हाय ना?" आणि मग ती खाली बसली.

संध्याकाळी नाईकानं डोळे उघडले. मास्क काढल्यावर पहिला प्रश्न त्यानं मला विचारला. "माह्या गालावर कोनं मारलं?" मी सांगितलं. बाकीचंही सांगितलं. त्यानं मान वळवून भिंतीवरचा रक्ताचा डाग पाहिला.

दुसऱ्या दिवशी हात प्लास्टरमध्ये घालून ती वॉर्डात आली, रजेवर असताना. आधी चावी पाहिली. मग नाईकाच्या उशीखाली हात घातला, बिडी नव्हती. त्यानंतर पोलिसांना जबाब दिला, दोघांची पूर्ण नावं घेऊन.

इथून पुढं ज्याला त्याला वाटत होतं की ती केस मागे घेईल. मलाही वाटत होतं. तांड्यावरची माणसं आली. पोरांनी अज्ञानानं केलं, नाईकाचं घर उघडं पडेल, तुला शिकवलं ते कोणी, हे सगळं बोलून झालं. तिनं मान्य केलं की अज्ञानानं केलं. तिनं मान्य केलं की नाईकामुळे ती शिकली. मग प्लास्टर काढलेला हात त्यांच्यापुढे धरला. दोन बोटं अर्धी मिटलेली, सरळ होईनात. "हे सरळ करून द्या. केस मागं घेतो."

त्यांनी तिला सांगितलं की मग तांड्यावर पाय ठेवू नकोस. आईला भेटायचं असेल तर आईला बाहेर बोलाव. भावानंही तिची बाजू घेतली नाही. पुढची होळी आली. बंजाऱ्यांत होळीला लेक माहेरी नाही असं होत नाही. त्या दिवशी मी वॉर्डातच होतो. दूर कुठल्या तरी तांड्यावरचा डफ ऐकू येत होता. तिनं काही कारण नसताना एका तरण्या पेशंटच्या पाठीत धपाटा घातला, इन्सुलिनची सुई तयार केली, ती बोटं वाकडी म्हणून हातातून पडली. ती खिडकीशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. त्या बाईला मी रडताना पाहिलं ते तेवढंच, आणि तेही पाठमोरं. मला तिच्या तांड्याचा फार संताप आला. नाईकाच्या पोरांचाही आला, आणि त्यांची दयाही आली.

पण नाईक येत राहिला. दर महिन्याला, बायकोला घेऊन, ऑटोतून. तांडा बोलत नव्हता, तो बोलत होता, जेवढा दम पुरेल तेवढं. ती त्याच्या छातीला नळी लावायची, पंप ओढून दाखवायला सांगायची, चुकला की पाठीत धपाटा. घरी ठेवायच्या सिलिंडरची चावी कशी धरायची ते तिनं त्याच्या बायकोला शिकवलं, तिचे हात आपल्या वाकड्या बोटांत धरून. केसचा विषय दोघंही काढत नसत.

तारखेला मी साक्षीदार म्हणून कोर्टात गेलो. कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर नाईक बसलेला होता, नाकात नळ्या, पायाशी लहान सिलिंडर, शेजारी बायको. पोरं आत होती. राठोड सिस्टर इस्त्रीच्या लुगड्यात आली. मी तिला कोटाशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो. ती सरळ नाईकासमोर उकिडवी बसली, त्याची नखं निळी आहेत का पाहिली, सवयीनं पायातली चप्पल काढून बोटांच्या फटी पाहिल्या. मग सिलिंडरची चावी पाहिली. कोणीतरी चारवर नेली होती. तिनं ती दोनवर आणली.

नाईकानं मग तो विषय काढला. सिस्टरला नावानं हाक मारून तोडत तोडत बोलला. "शेवंता, पोट्टे जेलात गेले तं... मले दवाखान्यात... कोन आनीन?"

"मी आनतो," ती म्हणाली. "बोलू नका. दम जपा."

एवढंच. तिचं मन बदललं असेल की नाही, हे मी तिच्या तोंडावर शोधत राहिलो. पुकारा झाला. ती उठली, मला म्हणाली, "कंडक्टर, चावीवर ध्यान ठेवजो," आणि आत गेली. साक्षीदाराला दुसऱ्याच्या साक्षीच्या वेळी आत बसू देत नाहीत, मी बाहेरच राहिलो. पण दार उघडं होतं. बाकावरून तिची पाठ दिसत होती आणि कठड्याच्या लाकडावर ठेवलेला उजवा हात, दोन बोटं मिटलेली.

आत काहीतरी विचारणं चाललं होतं. इकडे नाईकाला धाप लागली, ऐकण्याच्या ताणानं असेल. बायको घाबरली. तिचा हात सिलिंडरच्या चावीकडे गेला, शिकवलेलं सगळं विसरून. मी उठेपर्यंत नाईकानंच तो धरला. हळूच बाजूला केला आणि आपला हाडकुळा पंजा चावीवर ठेवला. "दोनवरच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "तिनं सांगतलं हाय."

आत वकिलानं विचारलं की हात मोडणारी माणसं इथं आहेत का, ओळखता का. राठोड सिस्टरचा आवाज कधीच लहान नव्हता, तो वऱ्हांड्यापर्यंत स्वच्छ आला. "वळखतो. हा उत्तम, हा संजय. हरसिंग नाईकाचे पोरं."

नाईकानं डोळे मिटले. पंजा चावीवर तसाच होता.